शिंजीर गेला कुठे?

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, रविवारची सकाळ, साडेसातची वेळ. रस्त्याकडेच्या एका फुललेल्या झाडाखाली आम्ही चौघं उभे होतो. आई, बाबा, माझी आठ वर्षांची लेक आणि मी. झाडावर शिंजीर होता. अंगठ्याएवढा जांभळा-काळा जीव, पण त्याचा चिवचिवाट असा की सगळं झाडच किणकिणतंय असं वाटावं. लेक म्हणाली, "आजोबा, ऐका ना, किती ओरडतोय!" बाबांनी मान वर केली. पक्षी पाहिला, त्याची भराभर उघडमीट होणारी चोच पाहिली आणि हळूच विचारलं, "ओरडतोय?"

तेवढ्यात मागच्या जाळीतून भारद्वाज घुमला. हूप, हूप, हूप. बाबा गर्रकन वळले. "अरे, भारद्वाज! शुभशकुन झाला."

आता सांगा, याला काय म्हणायचं? माणूस तोच, कान तेच, क्षणही तोच. दहा फुटांवर उघड्यावर बसलेला पक्षी त्यांच्यासाठी मुका आणि पन्नास फुटांवरचा, पानांआड दडलेला भारद्वाज मात्र लख्ख! कमी ऐकू येणं म्हणजे रेडिओचं बटण फिरवून आवाज बारीक करणं, अशी माझी तोवर समजूत होती. त्या झाडाखाली ती मोडली. बाबांच्या जगातून आवाज निवडून निवडून गेले होते. काही पक्षी उडून गेले होते, काही अजून फांदीवर होते.

कुणी निवडले हे आवाज? हे शोधायला कानात शिरावं लागतं, आणि एकदा शिरलं की बाहेर यावंसं वाटत नाही, इतकं अजब ते घर आहे.

पहिलं आश्चर्य उंबऱ्यावरच आहे. आवाज हवेतून येतो, पण ऐकणाऱ्या पेशी राहतात पाण्यासारख्या द्रवात. विहिरीत बुडी मारली की काठावरची आरडाओरड एकदम नाहीशी होते, हे आठवतंय ना? हवेतला आवाज पाण्यावर आपटतो आणि जवळपास सगळाच परत फिरतो; हजारातला जेमतेम एक भाग आत शिरतो. मग आपल्याला ऐकू येतंच कसं? निसर्गाची युक्ती फळ्यावर कागद लावायच्या पिनेसारखी आहे. पिनेच्या रुंद डोक्यावर अंगठा साधाच दाबतो, पण तो सगळा दाब टोकावर गोळा होतो आणि टोक लाकडात घुसतं. कानाचा पडदा हे पिनेचं डोकं. त्याला लागून तीन चिमुकली हाडं, शाळेत शिकलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकिबीचा तळवा म्हणजे पिनेचं टोक, पडद्याच्या साधारण सतरावा हिस्सा. शिवाय ही हाडं तरफेसारखी चालतात. सगळं मिळून दाब वीसपटीच्या घरात वाढतो आणि आवाज पाण्यात उतरतो. रिकीब हे आपल्या शरीरातलं सर्वांत लहान हाड, तांदळाच्या दाण्याहूनही छोटं. आणि हातोडी-ऐरणीचा इतिहास तर ऐकाच: कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या आपल्या सरपटणाऱ्या पूर्वजांमध्ये ती जबड्याची हाडं होती! ज्यांनी एकेकाळी घास चावला, त्यांच्याच जोरावर आज आपण गाणं ऐकतो.

रिकिबीच्या पलीकडे गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळलेली नळी आहे. डॉक्टर तिला कॉक्लिआ म्हणतात. उलगडली तर साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे आगपेटीतल्या काडीपेक्षाही तोकडी. तिच्या आत लांबीभर एक पट्टी ताणलेली असते. दाराशी अरुंद आणि ताठ, आतल्या टोकाला रुंद आणि सैल. आवाजाची लाट दारातून शिरते, पट्टीवरून धावते आणि आपापल्या जागी उसळून विरते. बारीक, चिरका आवाज दाराशीच उसळतो. खर्जातला थेट आतल्या वळणापर्यंत जातो. म्हणजे कानात पेटीचे सूर ओळीनं मांडून, ती पेटी शंखात गुंडाळून ठेवली आहे. मृत माणसांच्या कानांत ही लाट प्रत्यक्ष पाहणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना त्यासाठी १९६१ मध्ये नोबेल मिळालं.

या पट्टीवर बसलेल्या असतात ऐकणाऱ्या पेशी. प्रत्येकीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा तुरा. तुरा लवला की केसांमधले धागे ताणले जातात, धाग्यांनी बांधलेली दारं उघडतात, विजेचा भार असलेले कण आत घुसतात आणि मेंदूकडे निरोप जातो. अगदी बारीकशा आवाजाला हा तुरा किती हलतो? एका अणूच्या मापात! याहून नाजूक काटा कुठल्या सोनाराकडे असेल?

आणि अशा पेशी किती? डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर असतात. एका कानात आवाज टिपणाऱ्या पेशी आहेत सुमारे पंधरा हजार. बस्स. आम्हा उपनगरवाल्यांच्या हिशेबानं सांगायचं तर गर्दीच्या वेळच्या खचाखच भरलेल्या तीन-चार लोकल. आईची अंगाई, शाळेची घंटा, लग्नातली सनई, प्रेशर कुकरची शिट्टी, सगळं आयुष्य या तीन-चार गाड्यांतल्या प्रवाशांनी ऐकायचं. त्यात नियम असा की एकदा उतरलेला प्रवासी परत चढत नाही आणि नवा कधीच येत नाही. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

आणि आधी कोण उतरतं? दाराजवळचे. वयाचा आणि गोंगाटाचा मार दाराकडच्या पेशींना सर्वांत आधी बसतो, आणि दाराशी बसलेले असतात बारीक आवाजांचे श्रोते. शिंजीर सेकंदाला चार-पाच हजार आणि त्याहूनही जास्त कंपनांवर गातो. भारद्वाज घुमतो काही शे कंपनांवर, शंखाच्या आतल्या, सुरक्षित वळणावर. बाबांनी तीस वर्षं अंधेरी पूर्वेच्या कारखान्यात प्रेस मशीनवर काढली. त्यांच्या कानांची दारं केव्हाच रिकामी झाली होती. नंतर तपासणीत आलेख काढला तेव्हा रेषा हजार कंपनांपर्यंत पठारासारखी सपाट होती आणि पुढे सरळ कोकणकडा! भारद्वाज पठारावर होता. तांबटाची टुकटुकही पठारावर. शिंजीर, चष्मेवाला, रातकिडे सगळे कड्याखाली. "हल्ली रातकिडे राहिले नाहीत गं मुंबईत," असं बाबा कधीपासून म्हणत होते. रातकिडे होते तिथेच होते.

इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८०च्या दशकात शास्त्रज्ञ कोंबडीची पिल्लं आणि लावे यांच्या कानांचा अभ्यास करत होते. मोठ्या आवाजानं किंवा औषधानं केसपेशी नष्ट केल्या आणि काही दिवसांनी पाहतात तो काय, तिथे नव्या पेशी उगवलेल्या! पक्ष्यांचा कान स्वतःला दुरुस्त करतो. गव्हाणी घुबडाची म्हाताऱ्या वयातली परीक्षा घेतली तर त्याला तरुणाइतकंच ऐकू येतं. म्हणजे ज्या शिंजीराचं गाणं बाबांना ऐकू येत नव्हतं, तो ज्या पक्षिकुळातला, त्या कुळाकडे कानाचा गेलेला भाग परत उगवण्याची किल्ली आहे. आम्हा सस्तन प्राण्यांकडून ती वाटेत कुठेतरी हरवली. ती शोधायला आज जगभर प्रयोगशाळा राबताहेत.

आता घरी चला. आमच्या घरात रोज होणारा एक संवाद तुमच्याकडेही होत असेल.

"बाबा, चहा घेताय?"

"आं?"

"चहा, चहा!"

"काय?"

"चहा घेताय का?"

"अगं, ओरडतेस कशाला? बहिरा नाहीये मी!"

किती वर्षं मला हे बाबांचं वागणं वाटत होतं! ते वागणं नव्हतंच, ते पेशींचं गणित होतं. कानातल्या केसपेशी दोन प्रकारच्या. आतल्या रांगेतल्या, सुमारे साडेतीन हजार, ऐकण्याचं मुख्य काम करतात. बाहेरच्या तीन रांगांतल्या सुमारे बारा हजार पेशी मात्र नाचतात. खरंच नाचतात! आवाजाच्या तालावर त्या आखूड-लांब होतात आणि पट्टीला झोका देऊन बारीक आवाज मोठा करतात. १९८०च्या दशकात जोनाथन ॲशमोर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं एक सुटी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिला विजेतून गाणं पुरवलं आणि ती पेशी गाण्याच्या ठेक्यावर उड्या मारू लागली. त्याची फिल्म आहे, जरूर बघा.

नाचऱ्या पेशी झोका देतात तो हळू आवाजाला. मोठ्या आवाजाला त्यांची गरजच नसते. त्या गेल्या की हळू बोललेलं नाहीसं होतं, पण मोठ्यानं बोललेलं पूर्वीइतकंच मोठं लागतं. ऐकू न येणं आणि कानठळ्या बसणं यांच्यामधली जागा आक्रसते. म्हणून "काय?" आणि "ओरडू नकोस!" ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच मिनिटातली, आणि दोन्ही शंभर टक्के खरी.

या नाचऱ्या पेशी आणखी एक चमत्कार करतात. त्यांच्या हालचालीनं कान स्वतःच आवाज काढतो! लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हे दाखवून दिलं तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. आज नवजात बाळाच्या कानात इवलासा मायक्रोफोन ठेवून हाच प्रतिसाद टिपतात. टिक असा आवाज आत सोडायचा आणि कान काय परत पाठवतो ते पाहायचं. ज्याला अजून हसताही येत नाही, त्याचा कान झोपेतच उत्तर देतो.

बाबांची तक्रार मात्र वेगळीच होती. "ऐकू येतं गं, पण कळत नाही." हे वाक्य इतक्या घरांतल्या इतक्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतं की ते सबब वाटू लागतं. पण त्यात भाषेचं केवढं मोठं गुपित दडलंय! आपण बोलतो त्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. स, श, च, ट, क, ख, फ ही व्यंजनं मात्र वरच्या पट्टीतले हलके फुत्कार. कोकणकड्याखाली नेमकी तीच पडतात. समजा, एखाद्यानं छापील पानावरची सगळी अक्षरं खोडली आणि काना, मात्रा, वेलांट्या तेवढ्या ठेवल्या, तर तुम्ही वाचाल का? पान भरलेलं दिसेल, शब्द एकही लागणार नाही. बाबांना अशी पानं ऐकू येत होती. "पाच", "सात", "हात", "खाट", सगळ्यांतून हाती उरतो तो काना.

आणि ओरडून काय होतं? ओरडताना फुगतात ते स्वर. व्यंजनं जिथल्या तिथे राहतात, उलट दबतात. म्हणजे आपण घसा ताणून त्या पानावरचे काने-मात्रे तेवढे गडद करत असतो!

मग अक्षरं भरायची कशी? निसर्गानं याची सोय आधीच करून ठेवली आहे. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणा: पापा, बाबा, मामा. ओठ तिन्ही वेळा अगदी सारखे हलतात. कानाला सहज कळणारा फरक डोळ्याला दिसत नाही. आता म्हणा: पात, कात. कमजोर कानाला ही जोडी अवघड, पण डोळ्याला एकदम सोपी, कारण प म्हणताना ओठ मिटतात आणि क म्हणताना मिटत नाहीत. कान जिथे कमी पडतो तिथे डोळा पुरवतो. आणि हे फक्त कमी ऐकणाऱ्यांचं नाही. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी लोकांना चेहरा "गा" म्हणणारा दाखवला आणि आवाज "बा" ऐकवला. लोकांना ऐकू आलं "दा"! जे कुणी बोललंच नव्हतं ते. आपण सगळेच ओठ वाचतो, जन्मभर, नकळत. करोनाच्या मास्कनं ते आपल्याला दाखवून दिलं.

बाबांना श्रवणयंत्र मिळालं आणि आम्ही पुन्हा उद्यानात गेलो. यंत्र म्हणजे कानात बसवलेला भोंगा नव्हे. ज्या पट्टीत पेशी गेल्या तेवढीच पट्टी ते उचलतं, आणि हळू आवाज जास्त, मोठा आवाज कमी. थोडक्यात, नाचऱ्या पेशींची नोकरी. त्याचा सेल तर श्वास घेतो! त्या झिंक-एअर सेलवरचा स्टिकर काढला की छिद्रांतून हवा आत जाते आणि हवेतल्या ऑक्सिजनवर तो चालू लागतो. स्टिकर काढून दोनेक मिनिटं थांबायचं, मग सेल बसवायचा. लेकीला हे काम इतकं आवडलं की ती त्याला "सेलला जागं करणं" म्हणते. वारा मात्र यंत्राचा वैरी. मायक्रोफोनच्या तोंडावर तो भोवरे करतो आणि कानात घोंघाट उठतो. घाम आणि आमचा पावसाळा हे दुसरे वैरी. पिशवीत एक कोरडी डबी असावी, ओलावा शोषणाऱ्या पुड्या घातलेली.

आणि मग ते झालं ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती. उद्यानातल्या त्या दोन तासांत बाबा जितकं बोलले, तितकं घरात महिन्याभरात बोलले नव्हते. लेकीच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर. मध्येच स्वतःच्या लहानपणीचा ओढा, खेकडे, मामाच्या गावची जत्रा. "काय?" जवळजवळ नाहीच. यंत्र तर घरीही होतं की! मग फरक कशाचा?

भिंतींचा! आमच्या अंधेरीच्या दोन खोल्यांत फरशी, टाइल्स, काच. तोंडातून निघालेला शब्द एकदा कानावर येतो आणि मग भिंतीवरून, छतावरून, फ्रिजवरून आपटून पुन्हा पुन्हा येत राहतो. आधीच्या शब्दाची शेपूट पुढच्या शब्दावर पडते. त्यात मिक्सर, टीव्ही, पंखा, खालचे रिक्षांचे हॉर्न. निरोगी मेंदू ही शेपटं छाटतो, नको ते आवाज बाजूला सारतो. इतक्या सफाईनं की आपल्याला पत्ताही लागत नाही. थकलेल्या कानाकडून कच्चा माल अर्धवट आला की मेंदूला ही छाटणी जमत नाही. जंगलात भिंतच नाही. शब्द एकदा येतो आणि आकाशात निघून जातो, मागे काही सांडत नाही. शिवाय लख्ख उजेडात समोरच्याचे ओठ स्पष्ट दिसतात. आम्ही मात्र बाबांना "नीट ऐकू येत नाही ना, कशाला दगदग" म्हणून वर्षभर घरीच ठेवलं होतं. म्हणजे ऐकायला सर्वांत कठीण जागी!

हे खरं की खोटं, ते तिथेच पडताळता येतं. उद्यानाच्या दारापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत, शंभरावर, काळ्या खडकात कोरलेली. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात शिरा. उंच कमानदार छत, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, टोकाला स्तूप आणि चहूबाजूंनी दगडच दगड. आम्ही आत गेलो, लेक स्तूपापाशी धावली आणि तिथून काहीतरी म्हणाली. तिचा आवाज छतभर पसरला, घुमला, वितळला. मला ऐकू आलं. खूप मोठ्यानं ऐकू आलं. कळला नाही एकही शब्द! पाठांतराला, सामूहिक पठणाला ही जागा दिव्य असणार. तिथे ओळखीचा सूर लांबत जातो आणि अंगावर काटा येतो. पण गप्पांना? मी बाबांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "मला स्वयंपाकघरात असं वाटतं."

ज्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांचं "ऐकू येतं पण कळत नाही" समजून घ्यायचंय, त्यांनी त्या चैत्यगृहात दहा मिनिटं उभं राहावं. यापेक्षा चांगली शिकवणी मला माहीत नाही.

चालतानाच्या काही गोष्टी आम्ही चुकतमाकत शिकलो. पायवाट अरुंद झाली की सगळे एकामागे एक होतात आणि जो तो पुढच्याच्या पाठीशी बोलतो. तेव्हा बोलायचं असेल तर थांबायचं, वळायचं. बोलणाऱ्याच्या पाठीमागे सूर्य नको, चेहरा काळा पडतो. हाक मारण्याआधी खांद्याला हात. बस्स, एवढंच.

आणि एक वाक्य मी घरातून हद्दपार केलं. त्याची कथा अशी. जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा संशोधकांनी मोजल्या, २००९ मध्ये. एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्यानं सुरू करणं यांत सरासरी किती वेळ जातो? सेकंदाचा पाचवा भाग! पापणी लवण्याइतकाच वेळ. जेवणाच्या ताटांभोवती पाच जण बोलत असताना चेंडू या वेगानं फिरतो. ज्याला शब्द जुळवायला एखादा सेकंद जास्त लागतो, तो नेहमी मागच्या चेंडूकडे पाहत असतो. सगळे हसले की तो विचारतो, "काय झालं?" आणि आपण म्हणतो, "काही नाही, जाऊ दे." ते हसणं तीन सेकंदांचं होतं, पण त्या "जाऊ दे"नं माणूस ताटावरून उठतो. आमच्याकडे आता विनोद दोनदा सांगितला जातो. दुसऱ्यांदा बाबा हसतात तेव्हा आम्ही परत हसतो, आणि खरं सांगते, दुसरं हसू जास्त मोठं असतं.

परतीला बोरिवली स्थानकावर चर्चगेट लोकलची वाट पाहत होतो आणि लेकीनं माझा हात ओढला. अपंगांसाठी राखीव डब्याच्या खिडकीत दोन तरुण आणि त्यांच्या समोर प्लॅटफॉर्मवर दोन तरुणी. चौघांचे हात भराभर चालले होते, भुवया उडत होत्या, मध्येच खदखदून हसू. वर घोषणा, पलीकडून धडधडत जाणारी फास्ट, भजीवाल्याची आरोळी. आम्ही कान असलेले एकमेकांच्या कानात ओरडत होतो आणि त्या चौघांच्या गप्पांवर त्या कोलाहलाचा ओरखडाही नव्हता! गाडी सुटली. हात हलतच राहिले. डबा अर्धा प्लॅटफॉर्म पुढे गेला, जिथे कुठलीही हाक पोचली नसती, तिथेही एक वाक्य पुरं झालं आणि इकडे एक तरुणी मान मागे टाकून हसली.

या डब्याचा खरोखर अभ्यास झाला आहे! ॲनेलिस कुस्टर्स या बेल्जियमच्या मानववंशशास्त्रज्ञ, स्वतः कर्णबधिर. मुंबईच्या लोकलमधल्या कर्णबधिर प्रवाशांवर त्यांनी २००९ मध्ये लेख प्रसिद्ध केला. शहरभर विखुरलेली, घरात बहुधा एकटीच खुणांची भाषा बोलणारी ही माणसं रोजच्या प्रवासात या डब्यात भेटतात. कुणी कुठली गाडी पकडली ते मोबाइलवर कळवतात, बातम्या सांगतात, नोकऱ्यांची माहिती देतात. लोकलचा डबा त्यांचा कट्टा झाला आहे. पुढे २०१५ मध्ये कुस्टर्स यांनी 'इशारे' हा माहितीपट केला. त्यात मुंबईचे कर्णबधिर लोक दुकानदारांशी, फेरीवाल्यांशी हातवाऱ्यांनी कसे व्यवहार करतात ते दिसतं. बोट नाचवून भाव करणं, तोंड वाकडं करून "महाग!" म्हणणं, हे आपल्या बाजाराला मुळातच येतं. अनेक भाषांच्या या शहरात निम्मा सौदा हातांनीच तर होतो.

आणि हे हातवारे नुसते इशारे नाहीत. खुणांची भाषा ही व्याकरण असलेली पुरती भाषा आहे. कर्णबधिर माणसाला मेंदूच्या डाव्या भागात इजा झाली की त्याची खुणांची भाषा तशीच अडखळते जशी ऐकणाऱ्याची वाचा अडखळते. म्हणजे मेंदूचा भाषेचा कारखाना आवाजावर अडून बसलेलाच नाही! याहून गोड पुरावा १९९१ मध्ये मिळाला. लॉरा ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी पाहिलं की कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर बाळं, ज्या वयात इतर बाळं "बाबाबा, दादादा" करतात, त्याच वयात हातांनी बोबडं बोलतात. अर्थ नसलेल्या खुणांची तीच ती आवर्तनं, नुसत्या मजेसाठी. बोबडे हात! माझ्या लेकीला हे सांगितलं तर तिनं अंधेरी येईपर्यंत आजोबांशी एक शब्द तोंडानं काढला नाही. भूक लागली, पाणी हवं, तो काका झोपलाय, आपलं स्टेशन आलं, सगळं हातांनी. बाबा प्रत्येक खूण ओळखत गेले आणि मध्येच त्यांनीही एक केली: चोच उघडमीट करणारी दोन बोटं आणि मग कानाकडे हात.

शिंजीर ऐकू आला होता त्यांना त्या दिवशी. "पूर्वीसारखा नाही," ते नंतर म्हणाले, "पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा वाटतो. पण आहे." मेंदूला नव्या आवाजाशी जुळवून घ्यायला आठवडे, महिने लागतात. यंत्र कपाटात ठेवलं तर ते कधीच होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार ऐकण्यासाठी उपचाराची किंवा मदतीची गरज असलेली माणसं जगात ४३ कोटी आहेत. त्यातलं एक तुमच्या घरात असेल. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ऐकण्याची तपासणी तिथे होते, आणि उपनगरांत ऑडिओलॉजिस्टही आता ठिकठिकाणी आहेत. तपासणी करून घ्या. आणि निकाल येईपर्यंत वाट पाहू नका. येत्या रविवारी आईबाबांना, आजीआजोबांना सकाळच्या उजेडात झाडांखाली न्या, त्यांच्यासमोर उभे राहा, आणि त्यांनी "काय?" विचारलं तर तेच वाक्य पुन्हा एकदा, तेवढ्याच आनंदानं म्हणा.